सुई टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसा

कांदा लागवडीचे दिवस. अंगात ताप आणि मजूर वावरात येऊन बसलेले. अशा वेळी सिन्नर तालुक्यातला शेतकरी दवाखान्यात शिरतो तो एकच मागणी घेऊन, "डॉक्टर, गोळ्या नको, सुई मारा अन् मोकळं करा." सुई टोचली, मोटारसायकलला किक मारली, की गडी वावीच्या वाटेला. धोका आहे तो इथेच.

पेनिसिलीन असो की हल्ली सर्रास दिले जाणारे सेफ्ट्रायाक्झोन, अँटिबायोटिकचे इंजेक्शन काही थोड्या माणसांना अजिबात सोसत नाही. जिवावर बेतणारी रिॲक्शन आली तर ती बहुधा पहिल्या अर्ध्या तासात येते. अंगाला खाज सुटते, गांधी उठतात, ओठ-जीभ सुजते, घसा आवळल्यासारखा होतो, धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते. यातले काहीही जाणवले तर 'बसेल आपोआप' म्हणून गप्प राहू नका, लगेच सांगा. माणसाला आडवे करून पाय उंच ठेवावेत. धाप फार असेल तर बसू द्यावे. उठवून चालवू नये. यावर पहिला इलाज म्हणजे ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. ते दवाखान्यात आहे ना, हे आधी विचारण्यात लाज कसली? मळ्यात गाठ पडली तर १०८ ला फोन करावा. बरे वाटले तरी काही तास देखरेखीखाली राहावे, कारण त्रास उलटू शकतो.

"टेस्ट घेतली, आता काही होत नाही," असे आपल्याकडे ठामपणे सांगतात. तसे नाही. टेस्ट चांगली आली तरी रिॲक्शन येऊ शकते. अर्धा तास बसायचेच.

सुईपूर्वी आपण काय सांगतो, हेही तितकेच महत्त्वाचे. दगडी झालेल्या गाईला इंजेक्शन दिले की दूध किती दिवस डेअरीला घालायचे नाही, हे आपण गुरांच्या डॉक्टरला विचारतो (निदान विचारायला हवे!). स्वतःच्या सुईबद्दल मात्र चकार शब्द नाही. पूर्वी पेनिसिलीन, अँपिसिलीन किंवा अशा कोणत्याही औषधाने अंगावर पुरळ उठले होते का, मूत्रपिंडाचा विकार आहे का, बाई गरोदर आहे का, घरी कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे न विचारता सांगावे. जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शने मूत्रपिंडाला आणि कानाला त्रास देऊ शकतात. कानात घुंई वाजू लागली, तोल जाऊ लागला, लघवी कमी झाली तर पुढची सुई घेण्याआधी डॉक्टरांना गाठा. पातळ जुलाब सुरू होऊन थांबेनात किंवा रक्त पडू लागले तरी तसेच करा. जुलाबाची गोळी परस्पर घेऊ नका.

नाशिक-पुणे रस्त्याने पुण्याकडे गेले की पिंपरी लागते. तिथे १९५४ साली सरकारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखाना उभा राहिला आणि पुढच्या वर्षी देशी पेनिसिलीन निघू लागले. ज्या औषधाने असंख्य जीव वाचले, तेच आज साध्या सर्दी-तापाला मागून घेतले जाते. सर्दी, फ्लू, डेंग्यू यांवर अँटिबायोटिक चालतच नाही. उलट डेंग्यूत प्लेटलेट उतरलेल्या असताना कमरेत सुई टोचली तर आत रक्तस्राव होऊ शकतो.

पाच दिवसांचा कोर्स सांगितला असेल तर तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून सोडू नका. एखादी सुई चुकली तर डॉक्टरांना विचारा, दोन एकदम घेऊ नका. सिरिंज आपल्यासमोर पाकिटातून फोडलेली असावी. पावडरच्या बाटलीत पाणी घालून उरलेले औषध उद्यासाठी घरी ठेवू नये. सेफ्ट्रायाक्झोन २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहे. चिठ्ठीशिवाय ते मेडिकलवाल्याने द्यायचे नाही आणि रुग्णाचे व डॉक्टरचे नाव वहीत लिहायचे.

सरपंच आणि ग्रामसेवकांसाठी एवढेच. वापरलेल्या सुया उकिरड्यावर टाकण्याची मुभा २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी कोणत्याही दवाखान्याला दिलेली नाही. गावाच्या उकिरड्यात सुया दिसल्या, किंवा पिशवी अडकवून दारोदार सुया टोचणारा कोणी फिरताना दिसला, तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवावे आणि पोच घ्यावी.