थेट रूपांतर रेडिओ ग्राहीतील डीसी ऑफसेट व त्याचे निरसन

एडविन आर्मस्ट्राँग यांनी 1918 मध्ये मांडलेल्या सुपरहेटेरोडाइन पद्धतीचे रेडिओ ग्राहींच्या रचनेवर अनेक दशके वर्चस्व राहिले. या पद्धतीत संकेत प्रथम एका ठरावीक मध्यम कंप्रतेवर आणला जातो व तेथे काटेकोर फिल्टर लावता येतो. मात्र असा फिल्टर सहसा चिपच्या बाहेर बसवावा लागतो. मोबाइल संच लहान व स्वस्त होऊ लागले, तसे अभियंत्यांचे लक्ष थेट रूपांतर पद्धतीकडे वळले. यात स्थानिक आंदोलकाची कंप्रता वाहक लहरीइतकीच ठेवतात आणि संकेत एकाच टप्प्यात शून्य कंप्रतेभोवती येतो. परंतु तेथेच परिपथातील स्थिर विद्युत् दाबही येऊन बसतो. हा डीसी ऑफसेट संकेतापासून वेगळा कसा करावयाचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ऑफसेटचे प्रमुख कारण आंदोलकाची गळती होय. आंदोलकाची लहर थोडीशी झिरपून विवर्धकाच्या मुखाशी पोहोचते, मिश्रकात परत येते व तेथे स्वतःशीच गुणली जाते. ज्येचा वर्ग केल्यास दुप्पट कंप्रतेच्या पदाबरोबर एक स्थिर पदही मिळते, तोच ऑफसेट. काही गळती अँटेनातून बाहेर पडून जवळच्या वस्तूंवरून परावर्तित होते. त्यामुळे संच हातात धरला, फिरवला किंवा वाहनात नेला की ऑफसेटचे मूल्य बदलते.

प्रश्न किती गंभीर आहे हे एका साध्या हिशेबावरून दिसेल. 50 ओहम परिपथात गळती उणे 60 डीबीएम व हवा असलेला संकेत उणे 100 डीबीएम समजू. पहिल्या टप्प्यात 30 डेसिबल लाभ मिळाल्यावर संकेत सुमारे 70 मायक्रोव्होल्ट, तर ऑफसेट सुमारे 7 मिलिव्होल्ट, म्हणजे शंभरपट होतो. पुढे 50 डेसिबल लाभ दिला तर संकेत अवघा 22 मिलिव्होल्ट आणि ऑफसेट 2 व्होल्टपेक्षा अधिक होईल. 1.8 व्होल्टवर चालणारा परिपथ तत्पूर्वीच संपृक्त झालेला असेल.

मार्गात धारित्र घालून डीसी अडवावा, हा उपाय सर्वांना प्रथम सुचतो. जीएसएममध्ये तो फारसा उपयोगी नाही, कारण तेथील संकेताची बरीच ऊर्जा शून्य कंप्रतेजवळच असते. माहितीचा वेग सेकंदाला सुमारे 2,71,000 बिट. संकेत फारसा बिघडू नये म्हणून फिल्टरची सीमा त्याच्या हजाराव्या भागाजवळ, म्हणजे 270 हर्ट्झच्या आसपास ठेवावी लागते. मग कालस्थिरांक सुमारे 0.59 मिलिसेकंद होतो आणि जीएसएमचा एक कालखंड तर 0.577 मिलिसेकंदाचाच असतो! फिल्टर स्थिरावण्यापूर्वीच कालखंड संपून जातो. शिवाय 100 किलोओहम रोधाबरोबर सुमारे 5.9 नॅनोफॅरड धारित्र लागेल व ते चिपवर फार मोठी जागा व्यापेल.

इतरत्र परिस्थिती सुकर आहे. 802.11ए या वाय-फाय मानकात मधली उपवाहक लहर मुद्दामच रिकामी ठेवली आहे. उपवाहकांमधील अंतर 312.5 किलोहर्ट्झ असल्याने शून्याजवळचा भाग कापला तरी माहिती जात नाही. मानक ठरविताना ग्राहीच्या अडचणीचा असा विचार व्हावा, हे विशेष होय.

जीएसएमसारख्या पद्धतीत मोकळ्या कालखंडाचा लाभ घेता येतो. त्या वेळी ऑफसेट मोजून धारित्रात किंवा अंकीय स्वरूपात साठवितात व प्रत्यक्ष ग्रहणाच्या वेळी वजा करतात. मोजणीच्या क्षणी शेजारच्या प्रबळ संकेताचा अंश मिसळण्याचा धोका असतो. म्हणून अनेक नमुन्यांची सरासरी घ्यावी लागते. उरलेला ऑफसेट अंकीय प्रक्रियेत काढतात. तेथे केवळ सरासरी वजा करणे मात्र चुकीचे ठरू शकते, कारण लहान तुकड्यात माहितीची स्वतःची सरासरी शून्य असेलच असे नाही. जीएसएमच्या प्रत्येक सामान्य तुकड्यात 26 ज्ञात बिटांची प्रशिक्षण-शृंखला असते. तिच्या आधारे वाहिनी व ऑफसेट यांचे अनुमान एकत्रच काढणे अधिक योग्य. तरीही ठोकळ सुधारणा विवर्धनाच्या आरंभीच्या टप्प्यांतच करणे अपरिहार्य आहे, कारण एकदा संपृक्त झालेला संकेत कोणतेही गणित परत आणू शकत नाही.

ऑफसेट मुळातच कमी निर्माण व्हावा यासाठी आंदोलक दुप्पट कंप्रतेवर चालवून त्याची कंप्रता मिश्रकाजवळ निम्मी करतात. संकेत शून्याऐवजी 100 किलोहर्ट्झसारख्या अल्प मध्यम कंप्रतेवर आणणे हाही एक मार्ग आहे, परंतु त्यात प्रतिमा-कंप्रतेचा प्रश्न पुन्हा डोके वर काढतो.

हॅक-आरएफसारख्या सॉफ्टवेअर रेडिओवर वर्णपट पाहताना पडद्याच्या मध्यभागी जी स्थिर उभी रेघ दिसते, ती हाच ऑफसेट होय. नवखा विद्यार्थी तिला एखादे केंद्र समजू शकतो. अशा वेळी ग्राही इच्छित कंप्रतेपासून काहीशे किलोहर्ट्झ बाजूला जुळवावा व संकेत अंकीय गुणाकाराने मध्यभागी आणावा. रेघ बाजूला सरकते व पुढील फिल्टरमध्ये गाळली जाते.