ओटीवरची चौकशी

सांगलीहून मिरजेस जाणाऱ्या हमरस्त्यावर, दोन्ही गावांच्या दरम्यान, विश्रामबाग ही वस्ती लागते. आज तेथे दुकाने, दवाखाने आणि शिकवणीवर्ग यांची दाटी झालेली आहे. परंतु विलिंग्डन महाविद्यालयाच्या आवारात शिरल्यावर रस्त्यावरचा गलबला मागे पडतो, आणि ज्यांनी अल्प वेतनावर वीस वर्षांची सेवा पत्करून डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्यत्व स्वीकारले, त्या पिढीच्या दातृत्वाची आठवण मनात जागी होते. पैशाचे दान करणारे पुष्कळ असतात. आयुष्याची ऐन वीस वर्षे कबुलायत लिहून द्यावी तशी शिक्षणाला देऊन टाकणारी माणसे मात्र थोडी, आणि १८८४ साली स्थापन झालेल्या या संस्थेने ती दक्षिण महाराष्ट्रातही आणून वसविली. १९१९ साली येथे महाविद्यालय सुरू झाले. प्रवासवर्णनकार आणि तत्त्वज्ञानाचे अभ्यासक गोविंद चिमणाजी भाटे हे येथे प्राचार्य होते. पुढे विनायक कृष्ण गोकाक यांच्यासारखा श्रेष्ठ कन्नड कवी त्याच पदावर आला. मराठी मुलखातल्या एका महाविद्यालयाची धुरा कन्नड कवीच्या हाती असावी, यात त्या काळी कोणाला वावगे वाटले नाही, ही गोष्ट आज आवर्जून सांगावीशी वाटते.

ज्या साली हे महाविद्यालय जन्मास आले, त्याच सालच्या ८ नोव्हेंबरला मुंबईत पुरुषोत्तम लक्ष्मण ऊर्फ पु. ल. देशपांडे यांचा जन्म झाला, आणि तिशीच्या उंबरठ्यावर असताना एम. ए. च्या पदवीसाठी ते याच महाविद्यालयाचे विद्यार्थी झाले. तो काळ मोठ्या स्थित्यंतराचा होता. १९४८ साली सांगली संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले. राजवाड्यातली दप्तरे कलेक्टर कचेरीकडे गेली. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा नवा जिल्हा निघाला, आणि त्याला सांगली हे नाव मिळण्यास १९६० साल उजाडावे लागले. या घडामोडींच्या सुमारासच, 'वंदे मातरम्'सारख्या चित्रपटात झळकलेला, पेटी वाजविणारा, गाण्यांना चाली लावणारा हा तरुण पुन्हा विद्यार्थी म्हणून बाकावर बसला. ज्याला लोक तिकीट काढून पाहू लागले आहेत, त्याने वही घेऊन वर्गात बसावे, यामागे पदवीच्या दाखल्याची निकड असेलही. परंतु पुढे पन्नाशीत ज्यांनी बंगाली भाषेसाठी शांतिनिकेतनात जाऊन मुक्काम ठोकला, त्या पुलंच्या बाबतीत जिज्ञासा हेच कारण मला अधिक सयुक्तिक वाटते.

या जिज्ञासेला आपल्या भाषेत एक घरगुती शब्द आहे : चौकशी. हा शब्द कचेरीत गेला म्हणजे त्याला जरबेचा वास येतो. तेथे चौकशी होते ती कोणाला तरी दोषी ठरविण्यासाठी. तोच शब्द घराच्या ओटीवर आला म्हणजे आपुलकीचा होतो; दारात आलेल्या पाहुण्याला गूळपाणी देऊन गाव, घर, पाऊसपाणी, मुलाबाळांचे शिक्षण यांची विचारपूस करणे म्हणजेही चौकशीच. पुलंचे समग्र जीवन ही दुसऱ्या प्रकारची चौकशी होती, असे माझे मत आहे. 'व्यक्ति आणि वल्ली' या ज्या पुस्तकाला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला, त्यातला लग्नघरी राबणारा नारायण काय किंवा रत्नागिरीचा अंतू बर्वा काय, ही माणसे लेखकाने न्यायाधीशाच्या आसनावरून पाहिलेली नाहीत. त्यांच्याशेजारी बसून, त्यांना बोलू देऊन, मधूनच हसून त्याने ती ऐकलेली आहेत. १९५९ साली दिल्लीत दूरचित्रवाणीचा प्रारंभ झाला तेव्हा पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांची त्या माध्यमासाठी पहिली मुलाखत घेण्याचे काम पुलंकडे आले, याचे मला म्हणूनच आश्चर्य वाटत नाही. जो अंतू बर्व्याशी बोलू शकतो, त्याला पंतप्रधानांशी बोलताना आवाज बदलावा लागत नाही.

राजकारणाच्या बाबतीत मात्र या गप्पिष्ट वृत्तीची खरी कसोटी लागली. १९७४ साली इचलकरंजीच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद पुलंनी भूषविले, आणि त्यानंतरचे संमेलन १९७५ साली सातारा जिल्ह्यातल्या कऱ्हाडला भरले, तेव्हा देशात आणीबाणी पुकारलेली होती. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण हे केंद्रात मंत्री होते. आणि त्यांच्याच गावी, त्यांच्याच समक्ष, अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याचा पुकारा केला आणि आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. त्या दिवसांत कचेरीतली चौकशी देशभर सुरू होती, किंबहुना चौकशीवाचूनच माणसे गजाआड जात होती. जयप्रकाशांनी बंदिवासात लिहिलेली रोजनिशी पुलंनी 'स्वगत' या नावाने मराठीत आणली. आणि १९७७ च्या निवडणुकीत, ज्याला लोक केवळ हसविणारा म्हणून ओळखत होते, तो लेखक जनता पक्षाच्या व्यासपीठावर उभा राहिला. त्यांच्या सभांना लोटलेल्या गर्दीविषयी आजही वडीलधारी मंडळी भरभरून सांगतात. पुलं तेथेही ओटीवरच्यासारखेच बोलले; भीती घालविण्यासाठी त्यांनी हास्याचा उपयोग केला, कारण ज्या गोष्टीला आपण चारचौघांत हसू शकतो तिचा दरारा आपोआप निम्मा होतो.

परंतु इतिहास लिहिताना आपल्या आवडीला मुरड घातली पाहिजे. उत्तर हिंदुस्थानात काँग्रेसची पाळेमुळे उखडली गेली, तरी साताऱ्याने यशवंतरावांना आणि सांगलीने काँग्रेसलाच कौल दिला. इतकेच नव्हे, तर त्याच वर्षी मे महिन्यात सांगलीचे वसंतदादा पाटील राज्याचे मुख्यमंत्री झाले. साखर कारखाने, पाणीपुरवठ्याच्या संस्था आणि सहकारी बँका यांतून विणलेले या मुलखातले राजकारण व्याख्यानांनी हलण्याइतके उथळ नव्हते, आणि शेतकऱ्याच्या दाराशी बसून त्याची चौकशी करण्याची कला वसंतदादांनाही उत्तम अवगत होती. पुलंच्या वर्तनातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग तर निवडणुकीनंतरचा आहे : पक्ष सत्तेवर आला, आणि पुलं कोणतेही पद न घेता आपल्या लेखणीकडे आणि पेटीकडे परतले. पुढे १९९६ साली राज्य शासनाने महाराष्ट्रभूषण हा पुरस्कार सुरू करून पहिला मान त्यांना दिला, तेव्हाही सत्ताधाऱ्यांच्या ठोकशाहीच्या भाषेविषयीची व्यथा त्यांनी त्याच प्रसंगी बोलून दाखविली, आणि त्याबद्दल कठोर टीका सोसली. सत्कार स्वीकारणे आणि मिंधे होणे यांतला भेद एवढ्या सौम्यपणे क्वचितच कोणी दाखविला असेल.

आता दानाविषयी. 'बटाट्याची चाळ'सारखे एकपात्री प्रयोग आणि 'वाऱ्यावरची वरात'सारखे कार्यक्रम यांनी पुलंना जो पैसा मिळवून दिला, त्यातून साठच्या दशकात पु. ल. देशपांडे प्रतिष्ठान उभे राहिले. त्याचा जमाखर्च पुलंच्या पत्नी सुनीताबाईंच्या करारी हातात होता. बेचाळीसच्या चळवळीत उतरलेली ही बाई पैशाच्या बाबतीत इतकी काटेकोर, की घरखर्चातल्या दमडीलाही हिशेबात जागा असे. आणि म्हणूनच देण्याची वेळ आली म्हणजे द्यायला काही शिल्लक असे. लोकांना पुलंचे औदार्य दिसते, त्यामागची ही काटकसर दिसत नाही; माझ्या मते त्या दानातला अर्धा वाटा तिचा आहे. सरकारदरबारी मदत मागणाऱ्याला प्रथम आपले दारिद्र्य दाखल्यानिशी शाबित करावे लागते, आणि त्या शाबितीतच त्याचा निम्मा मान जातो. या दांपत्याची रीत उलट होती. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनाविषयी लिहिलेली लेखमाला वाचून दोघे अस्वस्थ झाले, आणि अर्ज-विनंतीची वाट न पाहता त्यांनी आपण होऊन एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी अनिता या पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्या पैशाच्या आधाराने १९८६ साली तेथेच मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. व्यसनी माणसाला गुन्हेगार न समजता रुग्ण समजावे, त्याला बोलते करावे आणि त्याचे ऐकून घ्यावे, हे तेथील उपचाराचे सूत्र. ओटीवरच्या चौकशीला दवाखान्यात जागा मिळाली, असेच मी त्याकडे पाहतो. बाबा आमट्यांच्या आनंदवनाशीही पुलंचा असाच लोभ होता : तेथे ते जात ते दाता म्हणून नव्हे, मैफलीला आलेला सोयरा म्हणून.

विश्रामबागेच्या आवारात पायी हिंडताना मी कधीकधी त्या तिशीतल्या विद्यार्थ्याची वही कल्पनेने पाहतो. तिच्यात प्राध्यापकांनी सांगितलेले किती उतरले असेल कोण जाणे. समासात मात्र माणसांची नावे असतील. पुण्यात जयंत नारळीकरांनी उभारलेल्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या प्रांगणात शाळकरी मुलांसाठी एक विज्ञान शोधिका आहे. पुलंच्या मागे प्रतिष्ठानच्या देणगीतून तिची वास्तू झाली. तिला सप्तर्षींतल्या एका ताऱ्याचे नाव आहे, पुलस्त्य. आणि त्या नावाची पहिली दोन अक्षरे वाचून मराठी माणूस दारातच हसतो. आत मुले टाकाऊ वस्तूंची खेळणी हाताळत असतात, ती उलटीपालटी करतात, आणि शेजारच्याला विचारतात, हे असे का होते?