एक परळ पाणी

पाखरांनी घरी यावे असे वाटत असेल, तर माणसाने आधी स्वस्थ बसायला शिकावे. बँकेच्या नोकरीत ती चैन नव्हती; निवृत्तीनंतर जालन्यातल्या घराच्या ओट्यावर ती लाभली. रोज त्याच वेळी, त्याच जागी बसायचे, हातवारे करायचे नाहीत. पंधरवड्यात चिमण्या धीट झाल्या, महिन्याभरात बुलबुलांची जोडी पपईच्या फोडीवर उतरू लागली. दयाळ मात्र दाण्याला भुलत नाही. तो किडे टिपणारा. उन्हाळ्याची चाहूल लागली की पहाटेच्या अंधारात शेजारच्या कडुनिंबाच्या शेंड्यावरून त्याची शीळ सुरू होते. त्याच्यासाठी मी एवढेच करतो, की कुंपणालगतचा पाचोळा झाडत नाही. त्याचे जेवण त्याखालीच वाढते.

आमच्या भागात पाखरांना भुकेपेक्षा तहान मोठी. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, माणसे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसली. त्या उन्हाळ्यात मी भिंतीवर मातीचे परळ ठेवले, तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, माणसांना घोटभर मिळेना, आणि तुमची पाखरांना पाणपोई?"

प्रश्न रास्त होता. मी गप्प राहिलो. दुपारी एक साळुंकी चोच वासून परळाच्या काठावर बसलेली तिने पाहिली. दुसऱ्या दिवसापासून तिच्या अंघोळीच्या बादलीतला पहिला तांब्या परळात जाऊ लागला.

आमच्या लहानपणी चिमण्यांना असे बोलवावे लागत नसे. माळवदाच्या घरात तुळयांच्या सांदीत त्यांची घरटी असत. शेतात माळ्यावरून गोफण फिरवून ज्वारीवरची पाखरे हाकलणारा शेतकरीच घरी आल्यावर खळ्यातले चार दाणे त्यांच्यासाठी सोडी. आता स्लॅबच्या घरांत सांदी उरली नाही. ज्वारीच्या जागी कपाशी आणि सोयाबीन आले, त्यावर फवारणी आली. दाणे टाकले की चिमण्या जगतात, हे अर्धेच खरे. त्यांची पिले अळ्या-किड्यांवर वाढतात. विषाने किडे मेले, तर अंगणातली बाजरी त्यांना वाचवू शकत नाही.

तरी जे हातात आहे ते करावे. परळ उथळ असावे, पाणी दोन बोटे, मध्ये एक दगड. रोज घासून भरावे आणि मांजर दबा धरणार नाही अशा जागी ठेवावे. बाजरी, तांदळाची कणी चालते, फरसाण नको. आणि पिंजरा तर नकोच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडची रानपाखरे कोंडून ठेवणे हा गुन्हा आहे.

१९०८ साली कोवळ्या वयाच्या सालिम अलींनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या कंठावर पिवळा डाग होता. ती कोणती, हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथे मिलार्ड साहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे त्यांच्यासाठी उघडली, आणि पोराच्या आयुष्याला वाट मिळाली. एका प्रश्नाला कुणीतरी नीट उत्तर दिले, म्हणून एवढे घडले.

आमच्या नातीचेही प्रश्न सुरू झाले आहेत. परवा तिने विचारले, "आजोबा, दयाळ आपला आहे का?"

"नाही बाळा. तो आपल्याकडे येतो, एवढेच."

"मग त्याला पाणी का ठेवायचे?"

मी शब्द जुळवत होतो, तोवर आजीने भरलेला तांब्या तिच्या हाती दिला.