एका गळ्याचे अनेक थर

पोर्तो रिको बेटावरून जगभर गेलेल्या रेगेटन गीतांत गायकाचा आवाज मानवी कंठातून निघूनही यंत्रातून उमटल्यासारखा का वाटतो, आणि एकच गाणारा असताना चार-पाच जण एका श्वासात गात असल्याचा भास कसा होतो, याचा उलगडा मला यवतमाळ जिल्ह्यातील कळंब येथे, भिंतींना गाद्या आणि रजया टांगून ध्वनिमुद्रणासाठी सिद्ध केलेल्या माडीवरच्या एका खोलीत झाला. २०१७ साली आलेल्या लुईस फॉन्सी आणि डॅडी यांकी यांच्या 'देस्पासितो'पासून ज्याला त्या ठेक्याची गोडी लागली, अशा तेथील एका तरुणाने वऱ्हाडी बोलीतले प्रेमगीत त्याच अंगाने, म्हणजे आठ मात्रांची तीन, तीन आणि दोन अशी वाटणी करून, बांधले होते. हा गायक एरवी चिंतामणीच्या देवळात भजनाला बसणारा. भूपातळीखालच्या त्या दगडी गाभाऱ्यात स्वराला आपसूक घुमारा लाभतो, तर येथे तो घुमारा रजयांनी मुद्दाम शोषून घेतला होता, कारण भिंतीवरून परतलेला मागचा सूर पुढच्या सुरात मिसळला की कोणता सूर खरा, हे यंत्राला निश्चित करता येत नाही.

प्रथम तजवीज स्वरसप्तकाची. गाण्याचा षड्ज काळी चार, त्यावर कोमल गांधाराचे सप्तक, एवढा तपशील संगणकाला कळवला की त्या सात स्वरांबाहेर गायकाचा आवाज जाऊ द्यायचा नाही, असा जणू हुकूमच सुटतो. ही करामत करणारी ऑटोट्यून प्रणाली १९९७ साली अँडी हिल्डेब्रँड या अमेरिकन अभियंत्याने बाजारात आणली. खनिज तेलाच्या शोधार्थ जमिनीत सोडलेल्या ध्वनितरंगांचे पृथक्करण करताना हाताळलेले गणित त्याने गळ्याच्या स्वराकडे वळवले होते. चुकलेला सूर कोणाच्या ध्यानी न येता सावरावा, हा तिचा मूळ उद्देश. परंतु दुरुस्तीचा वेग शून्यावर, म्हणजे अविलंब, ठेवला की ती दुरुस्ती लपत नाही, आणि १९९८ साली शेर या गायिकेच्या 'बिलीव्ह' या गीताने तिचे हे उघडे रूपच लोकप्रिय केले. पुढे लॅटिन संगीतात बॅड बनीसारख्या गायकांच्या हाती ते गायनशैलीचे अंगच बनले.

या खोलीत बसेपर्यंत माझा समज असा होता की जेथे यंत्र सूर लावते तेथे गायकाचे काम हलके होत असावे; प्रत्यक्षात जे दिसले ते याच्या अगदी विपरीत होते. गायकाने अचूक स्वरावर स्थिर राहून गायिले, तर यंत्राला करण्यासारखे काही उरत नाही आणि आवाज जवळजवळ साधाच ऐकू येतो. त्याने एका स्वरावरून दुसऱ्यावर मींडेने घसरत जावे, तेव्हाच ती अखंड उतरण छिन्नीने पायऱ्या पाडाव्यात तशी तुटते आणि अपेक्षित धातुमय उडी कानावर येते. भजनात कमावलेली मींड येथे मोडून घेण्यासाठी लागते, हे मला विलक्षण वाटले, आणि थोडे क्लेशकारकही. कारण आपल्या संगीताचा पुष्कळसा भाव स्वरांच्या मधल्या त्या प्रवासातच वसतो. तरी तो तरुण ज्या सावधपणे प्रत्येक ओळीतील घसरणीची जागा हेरत होता, ती सावधता कोणत्याही रियाजाच्या तोडीची होती, असे मी निःशंकपणे म्हणेन.

मग थरांचे काम. मुख्य आवाज मध्यभागी, तीच ओळ पुन्हा गाऊन एक थर डावीकडे, आणखी एकदा गाऊन एक उजवीकडे, त्यांखाली खर्जात एक, आणि ध्रुवपदापुरता गांधाराच्या अंतरावर एक. मागच्या थरांत शब्दान्तीचे 'स' आणि 'च' गायकाने जवळजवळ गिळायचे, नाहीतर प्रत्येक ओळीच्या शेवटी त्यांचा फुसफुसाट चौपट होतो. एका गळ्यावर तोच गळा चढवण्याची ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हे: राहुलदेव बर्मन यांनी 'बहारों के सपने' (१९६७) या चित्रपटातील एका गीतात लता मंगेशकरांच्या स्वरामागे त्यांचाच दुसरा स्वर योजला होता, आणि तोही ज्या काळी असे मिश्रण फितीवर करावे लागे त्या काळी.

थकलेल्या गायकाने एका थराची नक्कल करून ती किंचित उशिराने वाजवावी असे सुचवले, तेव्हा ध्वनिमुद्रकाने वाद न घालता तसे केले आणि डावा-उजवा भेद काढून सारे एकाच मार्गाने ऐकवले, कारण मिरवणुकीच्या भोंग्यांवर पुष्कळदा ते तसेच वाजते. हेडफोनवर भरदार भासलेला तो थर तत्काळ पोकळ झाला; मूळ आणि नक्कल यांच्या लहरी काही स्वरांवर परस्परांना छेदत होत्या. वेगवेगळ्या वेळी गायिलेले थर मात्र जागचे हलले नाहीत, कारण दोन श्वासांतील सूक्ष्म अंतर प्रत्येक अक्षरागणिक बदलत असते आणि शून्य वेगाची दुरुस्तीदेखील केवळ सूर एक करते, उच्चाराची वेळ नाही.

"आनखी एकडाव म्हन, भाऊ," ध्वनिमुद्रक म्हणाला आणि त्याने तो नकली थर पुसून टाकला.