मेमरी संपत येते तेव्हा

लिनक्सचा कर्नेल अॅप्सना जेवढी मेमरी कबूल करतो, तेवढी यंत्रात असतेच असे नाही. एखाद्या अॅपने एक जीबी मागितली, तर तो बहुधा लगेच हो म्हणतो. प्रत्यक्ष रॅम मात्र ते अॅप त्या जागेत पहिल्यांदा काही लिहिते तेव्हाच मिळते, तीही साधारणतः 4 केबीच्या एकेका पेजने. बहुतेक अॅप्स मागतात पुष्कळ आणि वापरतात थोडे, म्हणून हे खपून जाते. सगळ्यांनी एकाच वेळी आपापली जागा वापरायला काढली की पंचाईत होते.

ही वेळ अचानक येत नाही. मोकळ्या पेजेसच्या तीन खुणा कर्नेलने आखलेल्या असतात आणि त्यांचे नावच 'वॉटरमार्क' आहे. नाशिककरांना ही रीत नवी नाही. गोदावरीला पूर आला की धरणातून किती क्यूसेक सोडले याआधी विचारले जाते ते नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले, कमरेला की छातीला. सराफ बाजारातले दुकानदार माल हलवायचा की थांबायचे हे त्यावरूनच ठरवतात. फरक इतकाच की मारुतीपाशी पाणी चढते, इथे मोकळी जागा उतरत जाते. ती 'लो' खुणेखाली गेली की कर्नेलचा 'केस्वॅपडी' हा सफाई कामगार जागा होतो. डिस्कवरून वाचलेल्या, न बदललेल्या फाइलींच्या प्रती तो सरळ टाकून देतो. बदललेल्या प्रती आधी डिस्कवर लिहाव्या लागतात. अॅपच्या स्वतःच्या डेटाची मूळ प्रत कुठेच नसते, म्हणून तो डिस्कवरच्या राखीव जागेत, म्हणजे स्वॅपमध्ये, जातो. फोनमध्ये बहुधा दाबून लहान करून रॅममध्येच ठेवला जातो. 'हाय' खूण गाठली की केस्वॅपडी पुन्हा झोपतो. सगळ्यांत खालच्या 'मिन'पर्यंत वेळ आलीच, तर मेमरी मागणाऱ्या अॅपलाच थांबवून आधी साफसफाईला जुंपले जाते. यंत्र हटवादी बैलासारखे अडून बसते ते इथे.

मोकळी रॅम वाढवून दाखवणारी 'क्लीनर' अॅप्स या सगळ्या व्यवस्थेच्या आड येतात. त्यांनी बंद पाडलेले अॅप उघडताना सगळे मुळापासून वाचावे लागते, बॅटरी जाते ती वेगळीच.

इतके करूनही पेज मिळेना, तर 'ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर' पुढे येतो आणि एखादे काम मारून जागा मोकळी करतो. हा भाग मुळात रिक व्हॅन रील यांचा. त्याच्या सोर्स फाइलीच्या माथ्यावर 1998 आणि 2000 ही साले आहेत, आणि मागे लागून हे लिहून घेतल्याबद्दल क्लॉस फिशर यांचे आभारही आहेत. मारेकऱ्याच्या कपाळी आभारप्रदर्शन! जुना हिशेब मोठा कनवाळू होता: जास्त मेमरी अडवणारा दोषी, पण बराच काळ चाललेल्या कामाला सूट. 2010 मध्ये डेव्हिड रिएंट्जेस यांनी तो मोडीत काढला आणि मुख्यतः अडवलेल्या मेमरीचेच गुण ठेवले. प्रशासकाला त्यात उणे 1000 ते अधिक 1000 असा फेरफार करता येतो. उणे 1000 म्हणजे अभय. बळी ठरला की सर्व्हरच्या लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस' ही ओळ उमटते. पुढचे नाव पुष्कळदा डेटाबेसचे असते, कारण मेमरी त्याच्याकडेच सर्वांत जास्त.

अँड्रॉइड सहसा इतकी वेळच येऊ देत नाही. त्याचा 'एलएमकेडी' हा स्वतःचा मारेकरी मागे पडलेली अॅप्स आधीच बंद करतो. अर्धवट वाचलेली बातमी सोडून फोन घेतला आणि परत आले की अॅप पहिल्यापासून उघडते, ते बहुधा यामुळे.

एका हावरट कामापायी सगळा सर्व्हर का भरडावा, याचे उत्तर 2008 मध्ये 2.6.25 आवृत्तीत आले: प्रक्रियांचे गट करून प्रत्येकाला मेमरीची मर्यादा. मर्यादा ओलांडली की बळी त्याच गटातून. हा मेमरी कंट्रोलर आयबीएमच्या बलबीर सिंग यांनी, पावेल एमेल्यानोव्ह यांच्या साथीने उभा केला. अशाच गटांवर उभ्या असलेल्या कंटेनरच्या कौतुकात ही नावे फारशी ऐकू येत नाहीत, पण कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटिसच्या पडद्यावर 'ओओएमकिल्ड' दिसते ते बहुतेक वेळा याच मर्यादेमुळे.

संपूर्ण यंत्राचीच मेमरी संपली आणि मारण्याजोगी एकही प्रक्रिया उरली नाही, तर कर्नेल 'पॅनिक' जाहीर करून यंत्र थांबवतो.