सोन्यासाठी फोडायला घेतला, निघाला उल्कापाषाण

ऑस्ट्रेलियातील मेरीबरो हा भाग एकोणिसाव्या शतकापासून सोन्यासाठी प्रसिद्ध आहे. २०१५ साली तिथे मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या एका हौशी शोधकाला तांबूस, कमालीचा जड दगड सापडला. आत सोने असणारच, या खात्रीने त्याने तो घरी आणला. करवत, ग्राइंडर, ड्रिल, ॲसिड, शेवटी घणही चालवून पाहिला. दगडाला साधा तडाही गेला नाही, हे नशीबच!

काही वर्षांनी तो मेलबर्नच्या संग्रहालयात पोहोचला. ‘आकाशातून पडलेले’ दगड तिथे लोक नेहमीच घेऊन येतात. बहुतेक इथलेच निघतात. यावर मात्र बोटाने दाबल्यासारखे खळगे होते. वातावरणातून वेगाने येताना दगडाचा पृष्ठभाग वितळतो, त्याची ही खूण. वजन १७ किलो. हिऱ्याच्या करवतीने काप काढल्यावर लोहाचे कण आणि खनिजांचे चिमुकले गोल दाणे दिसले. असे दाणे, म्हणजे कॉन्ड्रूल, सूर्यमाला घडताना तयार झाले. दगडाचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे. डिटेक्टर वाजला होता, तो त्यातल्या लोहामुळे.