वनौषधी आणि वनहक्क

वर्धा जिल्ह्यातील गोंड व कोलाम बांधवांच्या आहारातील मोहफूल आणि चारोळी आपल्या संहितांत मधूक व प्रियाल या नावांनी आढळतात. त्यांचे अन्न व आपले औषध एकाच रानातले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वननिवासींची मालकी मान्य केली. कंदमुळे व औषधी वनस्पती त्यातच येतात. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविला व पुढे ग्रामसभेमार्फत बांबूविक्रीही केली. व्यापाऱ्याच्या भावपत्रकात मात्र हा हक्क दिसत नाही. म्हणून वैद्य व औषधविक्रेत्यांनी वनौषधी शक्य तेथे ग्रामसभेकडूनच रास्त दराने घ्याव्यात आणि गावाच्या आहारापुरते राखून उरलेलेच मागावे, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. आहाराला पहिला उपस्तंभ मानणाऱ्या शास्त्राला हेच शोभते.